काचेच्या पेटीत समुद्र कितीला पडतो?

मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचं आणि उत्तरेच्या बाजूला चालायला लागायचं. दहा-बारा मिनिटांत एक दगडी मनोरा दिसतो. हेच ते क्रॉफर्ड मार्केट. १८६९ साली बांधलेल्या या बाजाराचं आजचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. आंबे, सफरचंदं, मसाले, सुका मेवा, फटाके, वाढदिवसाचे फुगे, काय म्हणाल ते इथे मिळतं. पण मुलांचे पाय हमखास अडतात ते मंडईच्या आसपासच्या रंगीत माशांच्या दुकानांपाशी. प्लास्टिकच्या पिशव्यांत गप्पी, मोली आणि गोल्डफिश टांगलेले असतात. फायटर मासे एकेकट्या बरणीत रुसून बसलेले असतात. आणि एखाद्या दुकानाच्या अगदी आतल्या कोपऱ्यात, निळसर उजेडात, एक वेगळीच टाकी असते. तिच्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे डुलत असतात. हे क्लाउनफिश, म्हणजे विदूषक मासे. ते खाऱ्या पाण्यातले.

माझी भाची नववीत आहे. वाढदिवसाचे आणि दिवाळीचे मिळून तिने सहा हजार रुपये साठवले होते, आणि तिला अशीच टाकी हवी होती. "मावशी, तू फक्त बरोबर चल. पैसे माझे मी देणार!" असं तिने ठणकावून सांगितलं, म्हणून आम्ही दोघी निघालो.

"काका, ही दोन फुटी पेटी कितीला?" तिने विचारलं.

"अठराशे."

तिचा चेहरा एकदम खुलला. सहा हजारांतून अठराशे गेले, तरी बेचाळीसशे उरले की!

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बेटा, पाणी गोडं ठेवणार की खारं?"

"खारं."

"मग ऐक. पेटी स्वस्तच आहे. समुद्र महाग पडतो."

दोस्तांनो, काकांच्या या एका वाक्याचा अर्थ लावायला आम्हाला पुढे तीन महिने लागले. तोच हिशेब आज तुम्हाला सांगते.

आधी पाणी मोजू

पेटी होती दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. सेंटिमीटरमध्ये धरलं तर ६० गुणिले ३८ गुणिले ३८. गुणाकार केला की ८६,६४० घन सेंटिमीटर येतात, म्हणजे साधारण ८६ लिटर. पण पेटी काठोकाठ भरत नाहीत, शिवाय तळाला वाळू आणि वर खडक येतात. तेव्हा पाणी धरू ७० लिटर. नुसतं हे पाणीच सत्तर किलोंच्या वर भरलं! वाळू, खडक आणि काच मिळवली की शंभर किलो सहज होतात. नववीतली दोन मुलं चोवीस तास टेबलावर उभी राहिली, तर ते टेबल टिकेल का? टिकणार असेल, तरच त्यावर टाकी ठेवायची.

आता मीठ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. दुकानातलं समुद्री मीठ हवेतली थोडी ओल धरून ठेवतं, म्हणून लिटरमागे ३६ ग्रॅम धरू. सत्तर लिटरला झालं अडीच किलो.

"अडीच किलो मीठ? मग आईच्या डब्यातलंच घेऊ की!" भाची म्हणाली.

इथेच पहिली मेख आहे. स्वयंपाकाचं मीठ म्हणजे जवळजवळ शुद्ध सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यातही तेच सर्वांत जास्त असतं खरं, पण त्याच्या जोडीला मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट अशी बरीच मंडळी ठरलेल्या प्रमाणात असतात. समुद्रातल्या जिवांची शरीरं याच मिश्रणाला सरावलेली आहेत.

"बरं, मग मिठागरातलं जाडं मीठ? ते तर समुद्राचंच असतं ना?"

प्रश्न हुशारीचा होता. पण मिठागरात काय होतं ते पाहा. खाचरात भरतीचं पाणी घेतात आणि उन्हात आटू देतात. आटताना सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी कॅल्शियमचे क्षार बसतात, मग आपलं खायचं मीठ बसतं, आणि मॅग्नेशियमचे कडू क्षार शेवटपर्यंत पाण्यातच राहतात. ते कडू पाणी मिठागरवाले काढून टाकतात. मग उरलेलं मीठ पुन्हा पाण्यात विरघळवलं, तर समुद्र कसा परत येईल? समुद्रातून एकदा वेगळे झालेले ते नुसते खारे खडे! म्हणून टाकीसाठी सगळे क्षार योग्य प्रमाणात मिसळलेलं खास मीठ विकत घ्यावं लागतं.

आणि चौपाटीवरून बादलीभर पाणी आणलं तर? मुंबईच्या किनाऱ्याच्या पाण्यात शहराचं सांडपाणी मिसळतं. ते पाणी टाकीत घालायचं नाही. नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतं. म्हणून आर.ओ. यंत्रातलं गाळलेलं पाणी घ्यायचं आणि त्यात मीठ मिसळायचं.

हिशेबाची वही

काकांच्या दुकानातल्या लाकडी स्टुलावर बसून भाचीने वहीत यादी केली. भाव दुकानागणिक आणि दिवसागणिक बदलतात. म्हणून हे आकडे अंदाजाचे आणि गोल धरलेले आहेत, पण त्यांवरून चित्र स्पष्ट होतं.

काचेची पेटी – १,८०० रु.
लोखंडी स्टँड – २,२०० रु.
फिल्टर – २,००० रु.
पाणी हलतं ठेवणारा पंप, म्हणजे वेव्हमेकर – ९०० रु.
एलईडी दिवा – १,२०० रु.
समुद्री मीठ, ५ किलो – १,२५० रु.
खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर – १,५०० रु.
पाणी तपासायचे किट – २,६०० रु.
सच्छिद्र कोरडा खडक, ८ किलो – २,००० रु.
चुनखडीची वाळू, ८ किलो – १,००० रु.
टाकीच्या काठाला लावायचा छोटा पंखा – ६०० रु.
वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवेचा पंप – ४०० रु.
क्लाउनफिशची जोडी – १,२०० रु.
माशांचं खाणं – ३०० रु.

एकूण १८,९५० रुपये!

भाचीने बेरीज दोनदा तपासली. आकडा तोच आला. मग तिच्या लक्षात एक गंमत आली. ज्या माशांसाठी एवढा खटाटोप, त्यांचा खर्च सगळ्या रकमेच्या जेमतेम सोळाव्या हिश्शाएवढा! उरलेले पंधरा हिस्से कशाचे? तर दोन माशांना समुद्राची उणीव भासू नये, याचे.

यात काटकसर करता येते का? येते, पण कुठे करायची ते कळलं पाहिजे. घरात भक्कम ओटा किंवा कट्टा असेल तर स्टँडचे २,२०० रुपये वाचतात. नुसते मासेच ठेवायचे असतील तर झगझगीत दिवा लागत नाही, चारशेचा साधा एलईडी चालतो. दोन हजारांच्या फिल्टरऐवजी हवेच्या पंपावर चालणारा सहाशेचा स्पंज फिल्टर घेता येतो, कारण दोनच छोटे मासे असले तर पाणी साफ ठेवायचं निम्मं काम खडकच करतो. अशी कात्री लावून आम्ही १४,५५० रुपयांपर्यंत उतरलो.

पण तीन ठिकाणी काकांनी कात्री लावू दिली नाही. चांगलं मीठ, खारटपणा मोजायचं साधन आणि पाणी तपासायचे किट. "या तिघांत पैसे वाचवलेस ना," ते म्हणाले, "तर मासे दर महिन्याला नवे घ्यावे लागतील. मग सांग, स्वस्त काय नि महाग काय?" माशांच्या दुकानदारानेच हे सांगावं, याचं मला मोठं कौतुक वाटलं.

आणि हा खर्च संपत नाही

पेटी एकदाच घ्यायची. समुद्र मात्र दर आठवड्याला घ्यावा लागतो. आठवड्यातून एकदा दहावा हिस्सा, म्हणजे सात लिटर पाणी काढून तेवढंच नवं खारं पाणी घालायचं. सात लिटरला पाव किलो मीठ लागतं. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर तेरा किलो मीठ, म्हणजे सव्वातीन हजार रुपये. पंप, दिवा आणि पंखा मिळून दिवसाला पाऊण युनिटच्या आत वीज खातील. युनिटला नऊ रुपये धरले तर वर्षाचे २,३०० होतात. तपासणीच्या नव्या बाटल्या दीड हजाराच्या, खाणं हजाराचं. सगळं मिळून वर्षाला आठ हजारांच्या घरात, म्हणजे महिन्याला साधारण ६७० रुपये. तुमचा खाऊचा पैसा महिन्याला किती असतो? आता कळलं ना काका का हसले ते!

पैशांहून मोठी गोष्ट आहे रोजची पाळी. टाकीतलं पाणी रोज थोडं थोडं उडून जातं, पण मीठ उडत नाही. समजा, मे महिन्यात पंख्याच्या वाऱ्याने रोज एक लिटर पाणी उडालं, आणि तुम्ही आठ दिवस मामाच्या गावाला गेलात. सातव्या दिवशी ७० लिटरचे ६३ लिटर झाले. मीठ आहे तेवढंच, २,५२० ग्रॅम. आता भागाकार करा. लिटरमागे ३६ ग्रॅम होते ते ४० झाले! तुमच्या आमटीत कुणी चिमूटभर जास्त मीठ घातलं तर तुम्ही ताट सरकवाल. माशाने कुठे जायचं? म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी रोज साधं, बिनमिठाचं पाणी घालायचं. रविवार असो, परीक्षा असो, लग्न असो, ही पाळी चुकवायची नाही.

दुसरी अडचण उन्हाची. परदेशातली पुस्तकं आणि व्हिडिओ सांगतात, हीटर घ्या. तिथल्या थंडीत ते बरोबरच आहे. आपल्याकडे रडगाणं उलटं! या माशांना २५ ते २७ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. मुंबईच्या उन्हाळ्यात घरातलं पाणी ३० अंशांच्या वर जातं. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. पंख्याने दोन-तीन अंश उतरतात. त्याहून जास्त उतरवायला चिलर नावाचं यंत्र लागतं, आणि ते आपल्या सगळ्या यादीच्या किमतीत जातं.

न दिसणारे कामगार

"ठीक आहे, पैसे साठवते. मग एका दिवसात सगळं आणायचं आणि मासे सोडायचे ना?" भाचीने विचारलं.

नाही! आणि खाऱ्या पाण्याचे बरेचसे मासे मरतात ते इथेच. मासे खातात आणि त्याच पाण्यात घाण करतात. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विषासारखा असतो. समुद्रात ही घाण साफ करणारे अब्जावधी जिवाणू असतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं आणि दर आठवड्याला पाणी बदललं की कमी होतं.

हे कामगार नव्या टाकीत नसतात. त्यांची वस्ती खडकाच्या भोकाभोकांत आणि वाळूत हळूहळू वाढते. पाण्यात चिमूटभर माशांचं खाणं टाकून ते कुजू द्यायचं, आणि तपासणीच्या किटवर रंग बघत बसायचं. अमोनिया आधी वाढतो, मग उतरतो. मग नायट्राइट वाढतं आणि उतरतं. दोन्ही शून्यावर आली की समजायचं, कामगार हजर झाले. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत एकही मासा नाही. नुसता खडक, नुसतं पाणी आणि तुम्ही! ज्याच्या अंगी एवढा धीर नाही, त्याने खाऱ्या पाण्याच्या वाटेला जाऊ नये.

पाणी ओतणारी मोलकरीण

दुकानातून निघालो आणि चालत चालत मरीन ड्राइव्हला आलो. चर्नी रोड स्टेशनच्या बाजूला, समुद्राकडे तोंड करून तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं ते १९५१ साली. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्याचं उद्घाटन केलं होतं. त्या काळी आठ लाख रुपये खर्च आला, त्यातले दोन लाख डी. बी. तारापोरवाला या पारशी गृहस्थांनी दिले, म्हणून त्यांचं नाव दिलं. तुमच्या आईबाबांनी आणि आजीआजोबांनीही शाळेच्या सहलीत तिथल्या काचांना नाकं लावली असतील. २०१५ साली त्याला नवं रूप मिळालं, आणि २०२०च्या साथीत त्याचं दार बंद झालं. मत्स्यालय लोकांसाठी बंद झालं, तरी माशांचं पाणी त्या दिवशीही साफ करावंच लागतं. माशांना सुट्टी कुठली?

समोरच्या कट्ट्यावर बसून भाचीला एक जुनी गोष्ट सांगितली. १८४६ साल. अ‍ॅना थिन नावाच्या बाई टॉर्की या इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या गावी गेल्या होत्या. तिथे त्यांना जिवंत प्रवाळ दिसले. ते त्यांना इतके आवडले, की बरणीत पाणी भरून त्या ते लंडनला घरी घेऊन आल्या. पण लंडनमध्ये समुद्र नाही आणि तेव्हा विजेचे पंपही नव्हते. मग पाण्यात हवा कशी मिसळायची? घरची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायची. अर्धा-पाऊण तास, दररोज! लाटा किनाऱ्यावर जे काम फुकट करतात, ते तिथे एका बाईचे दोन हात करत होते. तिचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

पुढे १८५४ साली फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने मत्स्यालयावर पुस्तक लिहिलं आणि इंग्लंडभर या छंदाची साथच आली. लोक टोपल्या घेऊन किनाऱ्यावर धावले. खडकांतल्या डबक्यांतून जे दिसेल ते त्यांनी उचललं. घरी आणलेले जीव बहुतेक मरून जात, की पुन्हा नवे आणायला पळायचं. गॉसच्या मुलाने, एडमंडने, मोठेपणी लिहून ठेवलं आहे की त्याने लहानपणी पाहिलेली ती सुंदर डबकी लोकांनी पार उजाड करून टाकली. ज्या वडिलांच्या पुस्तकांनी लोकांना समुद्राची ओढ लावली, त्यांनाही याचं फार वाईट वाटलं होतं.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे स्वस्तात केलं की पैसे समुद्र भरतो."

मला यापेक्षा बरं सांगता आलं नसतं.

कायदा काय म्हणतो?

मोबाइलवर परदेशातल्या टाक्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यांत रंगीबेरंगी प्रवाळ डोलत असतात. आपल्या देशात मात्र खडकं रचणारे प्रवाळ, समुद्रघोडे असे बरेच सागरी जीव १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २००१ साली त्यांना तिथे जागा मिळाली. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला! ते पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याचं काम सुरू होतं, तेव्हा वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर अठरा छोट्या प्रवाळ वसाहती सापडल्या. त्या नुसत्या बाजूला सरकवायलाही सरकारची रीतसर परवानगी घ्यावी लागली, आणि २०२०च्या नोव्हेंबरात शास्त्रज्ञांनी त्या काळजीपूर्वक दुसऱ्या जागी नेल्या. तेव्हा कुणी दुकानदार दबक्या आवाजात "कोरल हवंय का?" असं विचारू लागला, तर सरळ पाठ फिरवा.

मासे घ्यायचे तर विचारून घ्या, "पैदास केलेले आहेत की समुद्रातून पकडलेले?" आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पिल्लं हौदात वाढवण्याची पद्धत बसवली आहे. अशी हौदात जन्मलेली जोडी घेतली, तर प्रवाळाच्या एखाद्या बेटावरचं घर रिकामं होत नाही. आणि हो, नीट सांभाळले तर हे मासे दहा वर्षांहून जास्त जगतात. नववीत टाकी घेतलीत तर तुम्ही कॉलेजात जाल, कदाचित दुसऱ्या गावी नोकरीला जाल, आणि मासे घरीच असतील. त्यांची पाळी तेव्हा कोण घेणार? हा प्रश्न आईला आधीच विचारलेला बरा!

फुकटचं मत्स्यालय

त्या आठवड्यात पौर्णिमा होती. मी भाचीला म्हटलं, "द्वितीयेला सकाळी तयार राहा."

द्वितीयाच का? आपल्या कोकणकिनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची एक जुनी युक्ती आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. आली ती पूर्ण भरतीची अंदाजी वेळ. द्वितीया म्हणजे दोनाची पाऊणपट, दीड. दुपारी आणि रात्री दीडच्या सुमाराला भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी पुरती ओहोटी, म्हणजे पावणेआठच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा भरती जशी खूप चढते, तशी ओहोटीही खूप उतरते, आणि एरवी पाण्याखाली असणारा खडक उघडा पडतो. युक्ती अंदाजापुरती, निघण्याआधी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक पाहायचंच.

सकाळी सात वाजता आम्ही वांद्र्याच्या खडकाळ किनाऱ्यावर होतो. काळ्या बेसाल्टच्या खडकांत जागोजाग पाणी साचून डबकी झाली होती. पहिली पाच मिनिटं काहीच दिसलं नाही. मग आम्ही उकिडव्या बसलो आणि हलायचं थांबवलं.

हळूहळू डबकं जागं झालं. एक शंख चालू लागला! आत संन्यासी खेकडा होता, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात भाड्याने राहणारा. खडकाला कालवं घट्ट चिकटलेली होती. एका कपारीत समुद्रफूल बोटं पसरून बसलं होतं. पेन्सिलीएवढा एक करडा मासा तळाशी दगडासारखा पडून होता, आमची सावली हलली तसा सुळकन आत गेला. वर चिखलाच्या बाजूला निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या.

भाचीने वही काढली आणि हिशेब मांडला. पेटी: खडकाची, शून्य रुपये. पाणी बदल: आपण आठवड्याला दहावा हिस्सा बदलणार, इथे समुद्र दिवसातून दोनदा येऊन सगळंच्या सगळं पाणी बदलून जातो. हवा: लाटा घालतात. सफाई: जिवाणू, शंख आणि खेकडे करतात. थंडावा: दुपारी डबकं कितीही तापलं, तरी पुढची भरती त्याला निववते. वीज: लागत नाही. एकूण: शून्य.

"पण यांना घरी न्यायचं नाही," ती स्वतःच म्हणाली. "न्यायचं तर हे सगळं आपल्याला करावं लागेल."

साडेआठला पाणी वर यायला लागलं तशा आम्ही उठलो. हे लक्षात ठेवा, दोस्तांनो: मोठ्या माणसाशिवाय खडकांत जायचं नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. चिकट शेवाळावरून पाय सटकतो आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, म्हणून जाड तळाचे बूट हवेत. भरती वळली की लगेच परतायचं. दगड उलटला तर जसा होता तसाच पुन्हा ठेवायचा. त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं.

दहा रुपयांची परीक्षा

मग टाकीचं काय झालं? आम्ही एक परीक्षा ठरवली. खर्च दहा रुपये. पाच लिटरच्या बरणीत नळाचं पाणी आणि १८० ग्रॅम स्वयंपाकाचं मीठ घालायचं. पाण्याची पातळी दाखवणारी रेघ काढायची. बरणी पंख्याखाली ठेवायची आणि उडालेलं पाणी रोज साध्या पाण्याने रेघेपर्यंत भरायचं. दर रविवारी अर्धा लिटर काढायचं आणि १८ ग्रॅम मीठ घातलेलं अर्धा लिटर पाणी परत भरायचं. आत मासा नाही, काहीच नाही. हे सलग दोन महिने, एकही दिवस न चुकवता.

मार्च महिन्यात तिने बरणी मांडली. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा आली. चार दिवस बरणीकडे बघायचं राहून गेलं. पाचव्या दिवशी पाहिलं तर पाणी रेघेच्या चांगलं खाली उतरलेलं. तिने मला फोन केला. "मावशी, बरं झालं गं, बरणीत मासा नव्हता."

तिने त्याच दिवशी रेघेपर्यंत पाणी भरलं आणि वहीत पुन्हा "दिवस पहिला" असं लिहिलं. सहा हजार बँकेत आहेत. महिन्याला त्यांत थोडे पडताहेत. दुकानातले काका म्हणाले, पेटी कुठे पळून जात नाही.

तुम्हीही अशी बरणी मांडून पाहा. मोठ्या सुट्टीतल्या प्रवासाचे दिवस आले की पाळी कोण घेणार, ते आधी ठरवा. दोन महिने जमलं, तर हिशेबाची वही उघडायला हरकत नाही. आणि तोवर एखाद्या द्वितीयेच्या सकाळी घरच्या मोठ्यांना बरोबर घ्या, जवळच्या खडकाळ किनाऱ्यावर जा, एका डबक्याशेजारी शांत बसा आणि पहिली पाच मिनिटं अजिबात हलू नका.